काखेतला घाम, काखेतला वास : ऑपरेशनला हो म्हणण्याआधी

एसटीत कंडक्टर असलेली एक बाई माझ्याकडे आली. खुर्चीवर बसली ती दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून. म्हणाली, "मॅडम, मी आता वरच्या दांडीला धरतच नाही. सीटला पाठ लावून उभी राहते आणि तिकिटं काढते. ब्रेक लागला की तोल जातो, पण हात वर करवत नाही." तिच्या खाकी कुर्त्यावर काखेपासून कमरेपर्यंत काळपट ओल उतरली होती आणि ओलीच्या कडेला वाळलेल्या मिठाची पांढरी रेघ उमटली होती. पिशवीत घडी घातलेला दुसरा कुर्ता होता. भिशी लागली होती, ते पैसे घेऊन ती ऑपरेशन करून घ्यायला आली होती. कुठलं ऑपरेशन, हे तिला ठाऊक नव्हतं. "घामाचं करतात ना, ते," एवढंच तिला माहीत होतं.

घामाचं असं एकच ऑपरेशन नाही. काखेच्या कातडीत करायची दोन-तीन आहेत आणि एक थेट छातीच्या आत जाऊन करतात. कुणाला कुठलं लागू पडेल, किंवा एकही लागू पडणार नाही, हे सगळ्यात आधी एका प्रश्नावर ठरतं. तुमचा त्रास घामाचा आहे की वासाचा? माझ्याकडे येणारे बरेच जण हा प्रश्न कुणी विचारण्याआधीच पैशांची जुळवाजुळव करून आलेले असतात. काही जण तर चुकीचं ऑपरेशन करून घेऊन आलेले असतात, आणि त्यांच्यासाठी मला फारसं काही करता येत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

काखेत दोन प्रकारच्या घामग्रंथी शेजारी शेजारी असतात. पहिल्या प्रकारच्या ग्रंथी अंगभर पसरलेल्या आहेत, एका माणसाच्या अंगावर वीस ते चाळीस लाख. त्यांना एक्राइन म्हणतात. पाण्यासारखा, खारट घाम त्यांचा आणि अंग थंड ठेवणं हे त्यांचं काम. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी अपोक्राइन. त्या मुख्यतः काखेत, जांघेत आणि स्तनाग्रांभोवती असतात आणि वयात येईपर्यंत निजलेल्या असतात. त्यांचा स्राव दाट, तेलकट असतो. ताजा असताना त्यालाही वास जवळजवळ नसतो. काखेच्या उबदार, दमट घडीत राहणारे जिवाणू तो फोडतात, तेव्हा उग्र आम्लं आणि गंधकाची द्रव्यं सुटतात. कोरिनेबॅक्टेरियम हे त्या जिवाणूंतलं मुख्य कुळ.

म्हणजे कपडा भिजतो तो पहिल्या ग्रंथींमुळे आणि वास मारतो तो मुख्यतः दुसऱ्यांमुळे. दिवसातून तीनदा कपडे बदलावे लागतात, पण उतरवलेल्या कपड्याला घरच्यांना विशेष वास येत नाही, अशी तक्रार असेल तर ती घामाची. कपडा कोरडाच आहे, पण दुपारनंतर कांद्यासारखा, आंबूस दर्प सुटतो, आंघोळीनंतर तासाभरात परत येतो आणि धुतलेल्या शर्टाला इस्त्री फिरवली की काखेतून पुन्हा वर येतो, तर ती वासाची. दोन्ही एकत्रही असू शकतात. तरी त्यातलं तुम्हाला जास्त कशाने छळलं आहे, ते घरून ठरवून या. हे उत्तर डॉक्टर तुमच्याऐवजी देऊ शकत नाहीत.

वासाचा कल पुष्कळदा आईवडिलांकडून येतो. जपानी संशोधकांनी २००६ साली दाखवून दिलं की कानातला मळ ओला-चिकट असणार की कोरडा-भुसभुशीत, हे एबीसीसी११ नावाच्या एकाच जनुकावर ठरतं. पुढे कळलं की काखेतल्या वासाची किल्लीही त्याच जनुकाकडे आहे. पूर्व आशियात बहुतेकांचा मळ कोरडा आणि काखेला वास जवळपास नाही. त्यामुळे ज्या थोड्यांना वास येतो त्यांचं तिथे फार जड जातं. जपानी भाषेत या तक्रारीला 'वाकिगा' असा स्वतंत्र शब्दच आहे आणि त्यावरची काखेची शस्त्रक्रिया तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात बसते. या ऑपरेशनांतलं बरंचसं कसब जपान, कोरिया आणि तैवानमधल्या शल्यविशारदांनी घडवलं, त्याचं कारण हे. ज्याला हा वास आहे त्याचा स्वच्छतेशी संबंध लावू नका, एवढं तरी यातून घरातल्या मोठ्यांनी घ्यावं. दोनदा आंघोळ करणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला "नीट अंघोळ कर" असं सांगणं हा तिच्यावर अन्याय आहे.

ऑपरेशनची गरजच नसते तेव्हा

मागे एक कॉलेजचा मुलगा आला होता. ऑपरेशनचा खर्च किती, हा त्याचा पहिला प्रश्न. मी त्याला हात वर करायला लावला आणि दिव्याखाली पाहिलं. काखेतल्या प्रत्येक केसावर मेणासारखा पिवळसर लेप चढला होता, जणू केसांवर बारीक मणी ओवले आहेत. हा जिवाणूंचा थर. काख वस्तऱ्याने साफ करायची आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश लावायचा, एवढाच त्यावरचा उपाय. पंधरा दिवसांत वास गेला. त्या मुलाने कुणाकडे काख उघडी केली नसती, तर कदाचित त्याने खरोखरच कातडी कापून घेतली असती.

घाम अचानक वाढला असेल तर तो वेगळ्याच दुखण्याची खूण असू शकतो. काखेतल्या मूळच्या अतिघामाची लक्षणं ठरलेली आहेत. तो साधारण पंचविशीच्या आत सुरू होतो, दोन्ही काखांत सारखाच येतो, आठवड्यातून एकदा तरी छळतो, घरात आणखी कुणाला असतो आणि झोपेत थांबतो. यातली झोपेची खूण फार मोलाची. रात्री घामाने उशी-चादर भिजत असेल, सोबत बारीक ताप, खोकला किंवा वजन उतरणं असेल, तर क्षयाची तपासणी आधी. थायरॉइड, मधुमेहात साखर एकदम उतरणं, रजोनिवृत्ती, नैराश्यावरच्या काही गोळ्या, यांनीही घाम सुटतो. एकाच काखेत येत असेल तर त्याचं कारण शोधलंच पाहिजे.

काखेत पुन्हा पुन्हा गाठी येऊन पिकत असतील, ज्याला आपण काखमांजरी म्हणतो, आणि एक बरी होईतो दुसरी उठत असेल, तर तो वेगळा, दीर्घ मुदतीचा आजार असू शकतो. त्याची औषधं वेगळी, ऑपरेशनही वेगळं. सगळ्या अंगालाच माशासारखा वास येत असेल तर दोष काखेत नसून शरीराच्या चयापचयात असतो. तिथे काख कापून काही मिळत नाही.

आणखी एक गोष्ट जपून सांगते. काही जणांना आपल्याला वास येतो अशी पक्की खात्री असते. समोरच्याने नाकाला हात लावला, कुणी खिडकी उघडली, की ते आपल्यामुळेच असं त्यांना वाटतं. घरच्यांना मात्र वास येत नाही, डॉक्टरांना येत नाही, चार वेगवेगळ्या दिवशी तपासलं तरी येत नाही. हा त्रास खोटा नाही. झोप उडवणारा, नोकरी सोडायला लावणारा आहे. पण त्याचं औषध मानसोपचारतज्ज्ञाकडे आहे आणि ते लागू पडतं. अशा माणसाचं ऑपरेशन केलं की व्रण राहतो आणि वास त्याच्यापुरता तसाच राहतो. म्हणून डॉक्टरांनी "आधी एका मानसोपचारतज्ज्ञांना भेटा" असं सुचवलं तर तो अपमान समजू नका.

घामाची जागा पाहायची चाचणी आणि रात्रीचं औषध

कंडक्टर बाईंची मी आयोडीनची चाचणी केली. काख साफ आणि कोरडी करायची, आयोडीनचं द्रावण लावायचं, ते वाळलं की वर कॉर्नफ्लोअर भुरभुरवायचं आणि थांबायचं. घाम ज्या ज्या छिद्रातून येतो तिथे पिठाशी आयोडीनचा संयोग होऊन निळा-काळा ठिपका उमटतो. तिच्या काखेत आधी शाईच्या टाकाने टोचल्यासारखे सुटे ठिपके दिसले. बघता बघता ते एकमेकांत मिसळले आणि तळहाताएवढा काळा डाग झाला, केसांच्या रेषेच्याही दोन बोटं बाहेर गेलेला. ती वाकून बघत होती. "एवढं? मग मला उगाच वाटत नव्हतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तक्रारीला पुरावा मिळाला होता.

वास मात्र तिला फारसा नव्हता. म्हणजे प्रश्न घामाचा. आणि घामावरचं पहिलं औषध तिने आधी वापरून सोडलं होतं, कारण त्याने काख भाजली होती. हे औषध म्हणजे २० टक्क्यांच्या आसपासचं अॅल्युमिनियम क्लोराइडचं लोशन. ते कसं लावायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती सकाळी आंघोळ करून ओलसर काखेत लावत होती. ओल्या कातडीवर या औषधातून आम्ल तयार होतं आणि ते चावतं. हे लोशन रात्री झोपताना लावायचं, कारण झोपेत घाम कमी असतो आणि औषधाला छिद्रात उतरून बूच बसवायला वेळ मिळतो. काख पूर्ण कोरडी हवी. मी तर पंख्याखाली हात वर करून पाच मिनिटं बसायला सांगते. केस काढल्यावर निदान दोन दिवस लावायचं नाही. सकाळी धुऊन टाकायचं. सुरुवातीला रोज, घाम आटोक्यात आला की आठवड्यातून दोनदा. आजोबांच्या दाढीच्या डब्यातली तुरटी याच कुळातली, फक्त फार सौम्य. लिंबू आणि खायचा सोडा मात्र काखेत चोळू नका. त्याने कातडी सोलवटते, पुढे काळी पडते आणि घाम होता तिथेच राहतो.

सहा आठवड्यांनी ती बाई आली. भिशीचे पैसे तिने मुलाच्या फीला भरले होते.

हे लोशन पुरलं नाही तर पोटात घ्यायच्या गोळ्या आहेत. त्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. पुढची पायरी बोट्युलिनम टॉक्सिनची, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या बोटॉक्सची इंजेक्शनं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने काखेतल्या अतिघामासाठी त्यांना २००४ मध्ये मान्यता दिली. दर काखेत साधारण ५० युनिट, बारीक सुईने दहा-पंधरा ठिकाणी. आठवड्याभरात घाम आटतो आणि सरासरी सहा महिने आटलेला राहतो. खर्च होतो आणि तो पुन्हा पुन्हा होतो. तरीही ऑपरेशनचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने जमल्यास हे एकदा करून बघावं, असं माझं मत आहे. काख कोरडी झाल्यावर आपलं आयुष्य खरंच किती बदलतं, याची ती रंगीत तालीम आहे. घाम आटूनही मन तितकंच खाली राहिलं, तर ऑपरेशनही त्याला वर काढणार नाही.

कापण्याच्या अलीकडे आणखी एक यंत्र आहे. ते सूक्ष्मलहरींनी कातडीच्या तळाशी उष्णता पोचवतं आणि ग्रंथी जाळतं, वरची कातडी त्या वेळी गार ठेवलेली असते. अमेरिकेत २०११ पासून ते वापरात आहे. सगळ्या शहरांत ते मिळत नाही. सूज आणि बधिरपणा काही आठवडे राहतो, क्वचित हाताच्या नसांना इजा झालेली आहे. म्हणून सरावलेल्या हाताशिवाय नको.

आता खरं ऑपरेशन

एवढं सगळं करून थकलेल्या माणसाला मी ऑपरेशनला नाही म्हणत नाही. एक तरुण शिक्षक माझ्याकडे तीन वर्षं येत होता. त्याला घाम बेताचा, पण वास असा की बंद खोलीत लपायचा नाही. त्याच्या आईलाही तोच त्रास. सगळे वॉश, मलमं, लेझरने केस काढणं, सगळं झालं होतं. तो फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायचा. वरच्या अर्ध्यावर लिहायला हात उचलावा लागतो आणि पहिल्या बाकावरची मुलं जवळ बसलेली असतात. अशा माणसासाठी ऑपरेशन आहे.

यामागचा विचार सोपा आहे. वासाच्या ग्रंथी कातडीच्या खालच्या अंगाला, चरबीच्या सीमेवर असतात. म्हणजे कातडी वरून जशीच्या तशी ठेवून खालून त्या ग्रंथी काढता येतात. पूर्वी काखेतला केसाळ कातडीचा तुकडाच कापून दोन्ही कडा शिवत असत. त्याने घाम जायचा, पण व्रण आवळायचा आणि हात पूर्ण वर जायचा नाही. स्वीडनमधल्या स्कूग आणि थिरेसन यांनी १९६२ मध्ये कातडी राखून, ती पदरासारखी उचलून, आतून ग्रंथी कापायची पद्धत मांडली. आजच्या उघड्या शस्त्रक्रियेचं मूळ तिथे आहे.

हल्ली काखेच्या घडीत तीन-चार सेंटीमीटरचा छेद घेतात, कातडी खालच्या चरबीपासून सोडवतात आणि बोटावर उलटी करतात. उलट्या बाजूला गुलाबी-पिवळसर दाणे चिकटलेले दिसतात. त्या अपोक्राइन ग्रंथी. वक्र कात्रीने सर्जन ते एकेक करून खुडत जातो. हे नाजूक काम आहे आणि त्याचा वेळ हिशेबात धरूनच सर्जनशी बोला. वरवर खुडलं तर ग्रंथी उरतात आणि वास परत येतो. अती खुडलं तर कातडीचा रक्तपुरवठाच तुटतो आणि कड काळी पडून झडते. या दोन चुकांच्या मधली जागा फक्त सरावाने सापडते. केसांची मुळंही तिथेच असल्याने काखेतले केस विरळ होतात. वासासाठी आजही सगळ्यात भरवशाची पद्धत हीच, असं मला वाटतं, कारण सर्जन ग्रंथी डोळ्यांनी पाहून काढतो.

दुसरी पद्धत सक्शनची. काखेत भरपूर पातळ भुलीचं द्रावण सोडायचं, काख फुगून टणक होते. मग सेंटीमीटरभर किंवा त्याहून लहान एक-दोन छिद्रांतून धारेची नळी आत घालायची. नळीचं तोंड कातडीकडे वळवून तळ खरवडायचा आणि सुटलेलं सगळं ओढून घ्यायचं. जागेपणी होतं, त्याच दिवशी घरी जाता येतं, व्रण छोटा राहतो. घामासाठी हे चांगलं. पण ग्रंथी आंधळेपणाने खरवडल्या जातात, म्हणून वास मुख्य असेल तर काही उरण्याची शक्यता जास्त. काही सर्जन दोन्ही पद्धती एकत्र करतात. कुठल्याही पद्धतीत घाम किंवा वास शून्यावर येत नाही. पहिले काही महिने जितकं कोरडं वाटतं, त्यातलं थोडं पुढे परत येतं. जो डॉक्टर "आयुष्यभराची शंभर टक्के हमी" देतो त्याच्याकडून उठून या.

गुंतागुंत कुठल्याही पद्धतीत होऊ शकते. कातडीखाली रक्त किंवा पाणी साठणं, जंतुसंसर्ग, कड काळी पडणं, दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा, व्रण कडक होणं. आपल्या सावळ्या कातडीवर काळे डाग बरेच महिने टिकतात. ते फिकट होतात, पण वेळ लागतो. आपल्याकडच्या बहुतेकांच्या डाव्या दंडावर बीसीजीच्या लशीची खूण असते. ती सपाट खळगी असेल तर ठीक. ती फुगून, चकचकीत, गाठीसारखी वाढली असेल, किंवा कान टोचल्याजागी गाठ आली असेल, तर तुमच्या अंगाला व्रण वाढवायची सवय आहे. हे सर्जनला पहिल्या भेटीतच दाखवा. तुमच्या बाबतीत ऑपरेशन टाळणंच शहाणपणाचं ठरू शकतं.

ऑपरेशननंतरचे पंधरा दिवस लोक गृहीत धरतात आणि तिथेच पस्तावतात. उघड्या शस्त्रक्रियेनंतर कातडी खाली चिकटून बसावी म्हणून काखेत कापसाची गच्च उशी शिवून बांधतात, पाच ते सात दिवस. हात अंगापासून थोडे लांब ठेवून राहावं लागतं. दोन्ही काखा एकाच वेळी केल्या असतील तर केस विंचरणं, टी-शर्ट घालणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, यातलं एकही जमत नाही. त्या शिक्षकाचे शर्ट आठ दिवस त्याची आई पुढून बटणं लावून घालत होती. दुचाकी दोन आठवडे बंद, जड उचलणं महिनाभर बंद. हात लवकर वर नेला, गर्दीत धक्का खाल्ला, तर आत रक्त साठतं, कातडी चिकटत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. घरात मदतीला कुणी नसेल तर एका वेळी एकच काख करून घ्या. तारीख मला विचाराल तर थंडीतली घ्या. मे महिन्यातल्या उकाड्यात ती उशी सोसवत नाही. सिगारेट किंवा तंबाखू असेल तर काही आठवडे आधी सोडा, कारण निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा आवळतो आणि या ऑपरेशनचं यश त्याच पुरवठ्यावर आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचं ऑपरेशन थांबवलेलं बरं. ग्रंथी अजून वाढत असतात आणि पुन्हा वास सुरू होण्याची शक्यता जास्त असते.

त्या शिक्षकाच्या दोन्ही काखांत आज फिकट रेघा आहेत आणि उजवीकडे नखाएवढा काळसर डाग आहे. वास पूर्ण गेला नाही. उन्हाळ्यात, दिवस संपताना थोडा येतो, साध्या डिओने झाकला जाईल इतका. फळा तो आता वरपासून भरतो.

छातीतल्या मज्जातंतूचं ऑपरेशन

याबद्दल मला आवाज थोडा चढवूनच बोलावं लागेल. घामाला हुकूम देणारी मज्जातंतूंची साखळी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना छातीत असते. पूर्ण भूल देऊन, त्या बाजूचं फुप्फुस तेवढ्यापुरतं मिटवून, बरगड्यांच्या फटीतून दुर्बीण घालतात आणि ही साखळी कापतात किंवा क्लिपने चिमटतात. काखेसाठी चौथ्या-पाचव्या बरगडीच्या पातळीवर. तळहातांना इतका घाम येतो की लिहिताना कागद फाटतो, अशा काही माणसांना या ऑपरेशनने नवं आयुष्य दिलं आहे, हे मी नाकारत नाही.

पण फक्त काखेसाठी हे करू नका. शरीराला उष्णता बाहेर टाकायचीच असते. वरचा रस्ता बंद झाला की घाम पाठीला, पोटाला, मांड्यांना फुटतो. त्याला भरपाईचा घाम म्हणतात. कमी-जास्त प्रमाणात तो पुष्कळ जणांना होतो, आणि काहींना इतका की पँट भिजून खुर्चीवर ओल उमटते. काखेतला डाग जॅकेटने झाकता येतो, हा झाकता येत नाही. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात राहणाऱ्या माणसाने याचा विचार दहा वेळा करावा. एकदा कापलेली साखळी परत जोडून भरपाईचा घाम थांबवण्याची खात्रीची वाट नाही. क्लिप काढली की सगळं पूर्ववत होतं, हे आश्वासनही बिनभरवशाचं आहे. छातीत हवा साठणं, एका डोळ्याची पापणी कायमची खाली येणं, हे धोके क्वचितचे, पण आहेत. वासाच्या ग्रंथी काखेत तशाच राहतात, त्यामुळे वासासाठी हे ऑपरेशन सुचवणारा डॉक्टर तुमची तक्रार ऐकतच नाही असं समजा.

कुणाकडे जायचं

सुरुवात त्वचारोगतज्ज्ञापासून करा, कापायची वेळ आली तर प्लास्टिक सर्जन. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे., पुण्यात ससून, नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेज, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, इथले त्वचारोग विभाग ही तक्रार रोज पाहतात आणि केसपेपरच्या किरकोळ पैशांत तपासणी होते. खासगीत जाणार असाल तर डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत पडताळून घ्या आणि पाटीवरची पदवी कशातली आहे ते वाचा. ब्युटी क्लिनिकच्या आतल्या खोलीत काखेला धार लावू देऊ नका. सर्जनला तीन गोष्टी सरळ विचारा. हे ऑपरेशन तुम्ही स्वतः किती केलीत, तुमच्या किती रुग्णांना पुन्हा करावं लागलं, आणि रात्री दोन वाजता काख फुगली तर फोन कुणाला करायचा? चांगला सर्जन यावर रागावत नाही. विम्याचं आधी लेखी विचारा. सौंदर्यासाठीचा खर्च म्हणून कंपनी हात वर करू शकते. अतिघामाचं निदान आणि आधीच्या उपचारांचे कागद जपून ठेवले असतील तर बोलायला आधार मिळतो.

पहिल्या भेटीला जाताना त्या दिवशी डिओ, पावडर, अत्तर काहीही लावू नका. केस काढून जाऊ नका. सकाळी आंघोळ करून घातलेला शर्ट बदलू नका आणि जमलं तर दुपारनंतरची वेळ घ्या. झाकून, सुगंधी होऊन आलेल्या काखेत आम्हाला काही दिसत नाही. आणि लाजेपोटी, केस गळतात म्हणून आले आहे असं सांगून बसू नका. खुर्चीवर बसल्याबसल्या पहिलं वाक्य काखेचंच बोला.